ट्रॅक्टरचा वाकडा पाय

बालमित्रांनो, ट्रॅक्टरचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही कसं काढता? मागे दोन मोठ्ठी चाकं, पुढे दोन लहान, मधे स्टिअरिंग आणि वर धूर सोडणारी नळी. झालं चित्र! आमच्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांत असे कितीतरी ट्रॅक्टर धावतात. पण पुढची चाकं कशाला अडकवली आहेत, हे एकाही चित्रात दिसत नाही. चाकं आपली हवेतच! यात मुलांची चूक नाही बरं का. तो भाग चाकाच्या आड लपलेला असतो, वर चिखल आणि ग्रीसचा थर असतो. तो वाकेपर्यंत मोठ्या माणसांचंही त्याच्याकडे लक्ष जात नाही.

त्या भागाला म्हणतात स्पिंडल. आज त्याचीच गोष्ट.

आधी एक गंमत करू. तुमचा उजवा हात खांद्यापासून खाली सोडा. आता कोपरातून काटकोनात वाकवा आणि मूठ बाहेरच्या बाजूला करा. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग उभा, कोपरापासून मुठीपर्यंतचा भाग आडवा. मूठ म्हणजे चाक. दंड स्वतःभोवती फिरवला की मूठ पुढे-मागे वळते. स्पिंडल अगदी अशीच असते. तिचा उभा दांडा पुढच्या एक्सलच्या टोकाला असलेल्या भोकातून वर जातो. तिथे त्याला स्टिअरिंगची दांडी जोडलेली असते. आडव्या दांड्यावर दोन बेअरिंगं आणि त्यांवर चाक. ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं की उभा दांडा फिरतो आणि चाक वळतं.

आपल्या बैलगाडीला हे सगळं लागत नाही. तिला दोनच चाकं. बैल वळले की गाडी वळली. पण चार चाकांच्या बग्गीचं काय? जुन्या काळी बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जोरात वळण घेतलं की बग्गी कलंडायची. जर्मनीतल्या म्युनिक शहरात गेऑर्ग लांकेनश्पेर्गर नावाचा बग्ग्या बनवणारा कारागीर होता. त्यानं डोकं चालवलं. अख्खा आस फिरवायचाच कशाला? तो जागच्या जागी राहू द्या, दोन्ही टोकांना दोन आखूड दांडे बसवा आणि तेवढेच वळवा! इंग्लंडमध्ये या युक्तीचं पेटंट १८१८ साली रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांच्या नावानं निघालं. हे गृहस्थ लंडनमध्ये चित्रं आणि पुस्तकं छापून विकायचे. आज जगभर या रचनेला ‘अ‍ॅकरमन स्टिअरिंग’ म्हणतात. बिचाऱ्या लांकेनश्पेर्गरचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. (उच्चारायला कठीण आहे म्हणून की काय!)

आता आपल्या भंडारा जिल्ह्यात येऊ. इथली शेतं म्हणजे धानाच्या बांध्या. दोन बांध्यांच्या मधे धुरा. ट्रॅक्टर एका बांधीतून दुसरीत जाताना धुऱ्यावर चढतो आणि पुढचं चाक धपकन खाली पडतं. चाक सरळ पडलं तर ठीक. पण ते तिरकं पडलं, किंवा चिखलाखाली दडलेल्या दगडावर बाजूनं आदळलं, तर सगळा हिसका त्या आडव्या दांड्याला बसतो.

हिसका केवढा, ते समजून घ्या. पुष्कळशा ट्रॅक्टरांच्या पुढच्या टायरवर ‘६.००-१६’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे टायर सहा इंच रुंद आणि आतली रिम सोळा इंच व्यासाची. टायर धरून जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत एक फुटाहून जास्त अंतर होतं. टायरच्या खालच्या कडेला बाजूनं बसलेला धक्का एवढ्या लांब तरफेनं दांड्यापर्यंत पोचतो. तरफ तुम्ही विज्ञानात शिकला आहात. जड दगड पहारीनं उचलताना तरफ आपल्याला मदत करते. इथे तीच तरफ ट्रॅक्टरचा पाय मुरगाळते.

आमच्या गावात एका कास्तकाराच्या जुन्या ट्रॅक्टरचं असंच झालं. दिवस रोवणीचे. पाऊस येऊन गेलेला, बांधीत पाणी साचलेलं, पऱ्हे वीस दिवसांचे झालेले. रोवणीच्या बाया दुसऱ्या दिवशी यायच्या ठरलेल्या. चिखलणी करता करता पुढचं डावं चाक धुऱ्यावरून घसरलं आणि खालच्या दगडावर आदळलं. ट्रॅक्टर थांबला नाही हो, चालत राहिला. पण घरी नेताना स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढू लागलं. समोरून बघितलं तर डाव्या चाकाचा माथा आत झुकलेला. जणू एका पायानं लंगडणारा माणूस!

तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आले. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. आधी सपाट जमिनीवर ट्रॅक्टर उभा केला, मागच्या चाकांना दगड लावले. मग दोरीला एक नट बांधून ओळंबा केला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ना, तोच. ओळंबा चाकाजवळ धरून दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं अंतर मोजलं, मग खालच्या कडेचं. दुसऱ्या बाजूच्या चाकाचंही तसंच. उजवं चाक वरच्या बाजूला जरासं बाहेर झुकलेलं होतं. नवीन ट्रॅक्टरचं चाकही असंच जरासं बाहेर झुकलेलं ठेवतात. डावं मात्र उलटं, चांगलं तीन बोटं आत.

पण एवढ्यावरून स्पिंडलच वाकली असं म्हणता येईल का? रिम वाकली असेल तर? बेअरिंग झिजलं असेल तर? मिस्त्रींनी जॅक लावून चाक उचललं आणि एक्सलखाली लाकडाचे ओंडके रचले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधी काम करत नाहीत, जॅक घसरतो. चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड नाही, म्हणजे बेअरिंग आणि वरचा बुश ठीक. मग चाक हातानं गरागरा फिरवलं.

“हे बघ बाबू,” मिस्त्री कास्तकाराच्या मुलाला म्हणाले. तो आमच्याच शाळेत पाचवीला. “रिम वाकली असती तं चाक फिरताना डुललं असतं. हे डुलते का?”

“नाही जी काका. तिरपंच फिरते, पण डुलत नाही.”

“मंग दांडाच वाकला.”

किती सोपी आणि किती पक्की परीक्षा! रिमचा वाक चाकाबरोबर फिरतो, म्हणून डुलताना दिसतो. दांडा फिरत नाही, म्हणून त्याचा वाक एकाच जागी राहतो.

चाक काढलं, हब काढला, बेअरिंगं डिझेलमध्ये धुऊन फडक्यावर ठेवली आणि स्पिंडल एक्सलमधून खाली ओढून काढली. आता ती किती वाकली हे कसं मोजायचं? गुण्या लावून भागत नाही. कारण उभा आणि आडवा दांडा यांच्यात बरोबर नव्वद अंशांचा कोन असतोच असं नाही. मिस्त्रींनी उजवीकडची चांगली स्पिंडलही काढली. ती पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं कडेकडेनं आखलं, पुठ्ठा कापला, उलटा केला आणि डाव्या स्पिंडलवर ठेवला. डावा आणि उजवा भाग आरशातल्या चित्रासारखे असतात ना! आडवा दांडा मुळापासून वर उचललेला स्पष्ट दिसला.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे सुरू झालं.

ट्रॅक्टरभोवती पाच-सहा माणसं जमलेली. एक म्हणाले, “लोहाराकडे न्या, भट्टीत लाल करा, चार घण मारा. अर्ध्या तासात सरळ.” दुसरे म्हणाले, “तापवायचं कायले? पाइप घालून थंडाच ओढा.” कास्तकारालाही ते पटत होतं. उद्या बाया येणार, पऱ्हे थांबणार नाहीत. पंचवीस दिवसांच्या पुढे पऱ्हे जुने होत जातात, मग त्यांना फुटवे कमी येतात आणि धान कमी होतो. शिवाय घण मारायला शे-दोनशे रुपये, नवीन स्पिंडलला त्याच्या कितीतरी पट. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? खरं सांगा हं!

मिस्त्री म्हणाले, “सरळ तं होते जी. पण पाणी उतरते.”

हे पाणी म्हणजे कुठलं? आईला विचारा. विळ्याला लोहार ‘पाणी देतो’. लाल तापलेला विळा तो पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो आणि धार कडक होते. तोच विळा चुकून चुलीत पडून लाल झाला आणि सावकाश निवला, तर पाणी उतरतं. मग तो गवतावरसुद्धा वाकतो. दिसायला तोच विळा, पण आतला कडकपणा गेलेला. स्पिंडलही अशीच. चांगलं पोलाद घेऊन, ठोकून तिला आकार देतात. मग तापवून झटकन थंड करतात आणि पुन्हा बेताबेतानं तापवतात, म्हणजे ती कडकही राहते आणि काचेसारखी फुटतही नाही. हे काम ठरलेल्या तापमानाला, मोजूनमापून होतं. आपल्या वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे ना, तिथे गाड्यांच्या भागांसाठी लागणारं असं खास पोलाद तयार होतं. गावच्या भट्टीत स्पिंडल लाल केली की कारखान्यात केलेली ती सगळी मेहनत धुरात गेली!

बरं, थंडीच ओढली तर? त्यासाठी एक प्रयोग करा. बांधायची मऊ लोखंडी तार घ्या, वीतभर. मधोमध काटकोनात वाकवा. आता बोटांनी पुन्हा सरळ करा. नीट बघा. वाकलेली जागा पूर्ण सरळ होतच नाही. तिच्या शेजारची तार वाकते आणि मधे एक छोटा उंचवटा राहतो. कारण वाकताना ती जागा कडक झालेली असते. आता त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवा आणि मोजा. काही वेळानं तिथे बोट लावलंत तर गरम लागेल. आणि मग कट्! तुटली. माझ्या वर्गात कुणाची तार नऊ वेळा टिकली, कुणाची चौदा. पण टिकली कुणाचीच नाही.

जाड पोलादी दांडा तुम्ही वाकवलेल्या तारेसारखा लगेच तुटत नाही. त्याला आधी केसासारखी बारीक भेग पडते. तीही कुठे? बरोबर कोपऱ्यात, जिथे आडवा दांडा उभ्याला मिळतो. कापडवाला दुकानदार कापडाला कात्रीनं इवलीशी चीर देतो आणि मग टर्रकन फाडतो, बघितलंय ना? सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी जमतो. पोलादाचंही तसंच. धुऱ्यावरचा प्रत्येक धक्का त्या भेगेला थोडं थोडं पुढे ढकलतो. आठ दिवस, महिना, कधी वर्षभर. बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी साध्या सपाट रस्त्यावर दांडा तुटतो आणि चाक निघून जातं.

हे जगाला फार महागात शिकावं लागलं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. एवढा जाड आस तुटतोच कसा, या प्रश्नानं इंजिनिअरांची झोप उडाली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरनं कित्येक वर्षं आसांवर प्रयोग केले. आसाला वजन टांगायचं आणि तो फिरवत राहायचा, हजारो नाही, लाखो फेरे. त्याला दिसलं की एका दणक्यात ज्या वजनाला आस दाद देत नाही, त्याहून कितीतरी कमी वजनाला तो लाखो फेऱ्यांनंतर तुटतो. याला धातूची थकावट म्हणतात. माणसाची थकावट झोपेनं जाते. धातूची जात नाही. आज आपल्याकडे रेल्वेच्या आसांची तपासणी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी करतात. आत भेग असेल तर लहर तिथून परत फिरते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मिस्त्रींना व्होलर माहीत होता का? नाव माहीत नसेल, पण तुटलेले दांडे त्यांनी हातात धरलेले होते. त्यांनी कास्तकाराला एकच विचारलं, “भाऊ, या ट्रॅक्टरवर पोट्टे बसतात ना?”

बसतात हो! तुम्हीही बसता. मडगार्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, एका हातानं दांडी धरून. ट्रॅक्टरला बसायची जागा एकच असते, ड्रायव्हरची, तरीसुद्धा. पुढचं चाक निघालं की ट्रॅक्टरचं नाक जमिनीत रुततं. मडगार्डवरचं मूल पुढे फेकलं जातं आणि मागून येतं ते मोठं चाक. कास्तकारानं मुलाकडे बघितलं आणि लोहाराचा विषय तिथेच संपला.

पण ट्रॅक्टर जुना. तालुक्याच्या दुकानात त्याची स्पिंडल नव्हती. लेथवर नवा दांडा बनवून जुन्या तुकड्यात बसवतात आणि वेल्डिंग करतात, तोही एक मार्ग असतो. पण त्याला योग्य पोलाद आणि तसाच तयार हात हवा, घाईचं ते काम नव्हे. मिस्त्री नागपूरला गेले आणि भंगारात निघालेल्या त्याच जातीच्या ट्रॅक्टरांच्या दोन स्पिंडली घेऊन आले. जी पास होईल ती ठेवायची, दुसरी परत, असं ठरवून.

पास म्हणजे? परीक्षाच! आणि ही परीक्षा तुम्हाला आवडेल. दोन्ही स्पिंडली घासून लख्ख केल्या. मग डिझेलमध्ये बुडवून ठेवल्या. (पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. आता गावात रॉकेल दिसतं कुठे?) तासाभरानं बाहेर काढून अगदी कोरड्या पुसल्या. मग कास्तकाराचा मुलगा धावत शाळेत आला आणि माझ्याकडून खडू मागून घेऊन गेला. मीही मागोमाग गेलो, राहवेना! खडूची पूड करून कोपऱ्यावर पातळशी भुरभुरवली आणि वाट पाहिली.

पहिली स्पिंडल पांढरी ती पांढरीच राहिली. दुसरीच्या कोपऱ्यात थोड्या वेळानं एक काळसर ओली रेघ उमटली, करंगळीच्या नखाएवढी. भेगेत शिरलेलं डिझेल हळूच बाहेर येऊन खडूनं टिपलं होतं. पुसून बघितलं तर डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं! मिस्त्रींनी दोन्ही दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवून दाखवल्या. एकीचा आवाज टण्ण आणि लांबणारा. भेगाळलेलीचा थोडा बसका. माठ घेताना आई बोटानं वाजवून बघते, तसंच. पण आवाजाचा निकाल कच्चा, खडूचा पक्का, असं मिस्त्रींचं मत.

चांगली स्पिंडल पुठ्ठ्याच्या नमुन्याशी ताडून बघितली आणि बसवली. बेअरिंगमध्ये तळहातानं दाबून दाबून ग्रीस भरलं. नट आवळून चाक फिरवलं, जड वाटलं तेव्हा जरासा सैल केला आणि नवी कॉटर पिन घातली. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही, का ते आता तुम्ही सांगाल. तारेचा प्रयोग आठवा!

शेवटचं काम राहिलं, दोन्ही चाकांच्या रोखाचं. ट्रॅक्टरची पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांच्या किंचित जवळ असतात, काही मिलिमीटरच. नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला असतो. मिस्त्रींनी दोन्ही टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूनं खुणा केल्या आणि फितीनं अंतर मोजलं. मग ट्रॅक्टर ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवली. त्याच खुणा मागच्या बाजूला आल्या. पुन्हा मोजलं. दोन अंतरांची वजाबाकी केली आणि दोन्ही चाकांना जोडणारी दांडी थोडी लांब-आखूड करून फरक जुळवला. फीत धरायला पाचवीतला आमचा विद्यार्थी, वजाबाकीही त्याचीच. पहिल्यांदा हातचा विसरला, दुसऱ्यांदा बरोबर आली.

या सगळ्यात तीन दिवस गेले. ठरलेल्या बाया दुसऱ्याच्या बांधीत गेल्या. त्या परत मिळेपर्यंत पऱ्हे सव्वीस दिवसांचे झाले. कास्तकाराला ते लागलंच, आणि लागणारच. चौथ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधीत उतरला, दोन्ही पाय सरळ. आमचा विद्यार्थी मडगार्डवर नव्हता, धुऱ्यावर उभा होता.

आता तुमचं काम. तुमच्या गावात उभ्या असलेल्या एखाद्या ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन्ही टायरांकडे बघा. इंजिन बंद हवं, मोठं माणूस सोबत हवं आणि खाली शिरायचं नाही. टायर एकाच कडेला झिजलंय का? आतल्या की बाहेरच्या? मालकाला विचारा, स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतं. दोन्ही उत्तरं कागदावर लिहा, ट्रॅक्टरचं चित्र काढा आणि आमच्याकडे पाठवा. चित्रात स्पिंडल मात्र दिसली पाहिजे हं!